दहा दिवसांचा बाप

बाळाराम माझ्यावर एकदाही रागावला नाही, ही माझी त्याच्याविरुद्धची जुनी तक्रार आहे. रागवायला हवं होतं. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली असती, तर मी उलट दोन दिल्या असत्या आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तो "बरं केलंत गुरुजी" म्हणाला आणि घराच्या मागे निघून गेला. ते 'बरं केलंत' माझ्या मानगुटीवर आजतागायत बसलेलं आहे.

असं नको, पहिल्यापासून सांगतो. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास माझी बदली पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर झाली. आंबेनळी घाटाच्या डांबरी रस्त्यावर एस.टी.तून उतरायचं आणि पायवाटेनं अर्धा तास खाली चालायचं, की तीसेक घरांची वाडी. शाळा एका खोलीची, चौथीपर्यंतची, मास्तर मी एकटा. माझं बिऱ्हाड महाडला. शनिवारी दुपारी जायचो, सोमवारी सकाळी धापा टाकत परत. मधले दिवस राहायला जागा मिळाली ती बाळारामच्या घराच्या पडवीत. घरात त्याची बायको सुलाबाई आणि सहा वर्षांचा मुलगा संदेश. बाळाराम मुंबईला. बाळारामच का, वाडीतला जवळजवळ प्रत्येक बाप मुंबईला. शाळेच्या पटावर एकवीस पोरं आणि पालकसभेला एकवीस आया. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. पहिल्याच सभेत मी ओरडलो, "या पोरांना बाप आहेत की नाहीत?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुलाबाई म्हणाली, "हायती की गुरुजी. गणपतीत हायती, शिमग्यात हायती."

त्या गणपतीत मी बाळारामला पहिल्यांदा पाहिलं. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलणं अगदी हळू. शिवडीकडे एका कारखान्यात लाकडी खोकी बनवायचा. यंत्रांचे भाग परगावी पाठवायला लागतात तसली. राहायचा गावकीच्या खोलीत, म्हणजे वाडीनं मिळून घेतलेली एक खोली, तीत वाडीचे पंधरा-सोळा पुरुष पाळीपाळीनं झोपायचे. कानावर पेन्सिलीचा तुकडा कायम. आरतीला उभा राहिला तरी तो तिथंच. आणि हात म्हणून रिकामे राहायचे नाहीत. माझी एक खुर्ची डुगडुगत होती. मी तिच्यावर बसून त्याला 'मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष द्या' वगैरे भाषण देत होतो, तेव्हा हा माणूस "व्हय व्हय" करत खाली वाकला आणि मी बसलेलो असतानाच तिचा पाय पक्का करून मोकळा झाला.

बाकीचे मुंबईकर गावी आले की झोपायचे, पत्ते कुटायचे, रात्री नाचायचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा, वर्षभर राबलेली माणसं ती. बाळाराम मात्र यायचा तो खिशात एक यादी घेऊन. खोक्यांना लावायच्या जाड तपकिरी कागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, या खेपेला संदेशबरोबर काय काय करायचं. यादी तो कुणाला वाचून दाखवायचा नाही. एक काम झालं की पेन्सिल कानावरून काढायची, त्यावर रेघ मारायची, पेन्सिल परत कानावर.

त्या पहिल्या यादीत गाडी होती. कारखान्याच्या भंगारातली तीन बेअरिंगं मागून आणून, फळ्या जोडून बापलेकानं पडवीत तीन दिवस खपून गाडी केली. बसायला पाट, पुढं वळवायला दांडा, झकास. चौथ्या दिवशी ती अंगणात ठेवली तर जागची हलेना. मुंबईच्या फुटपाथवर पोरं घरंगळत जातात ते पाहून आला होता हा शहाणा, आणि आमच्या वाडीत वीतभर जागा सपाट असेल तर शपथ. दगडगोटे नुसते. मी पडवीत बसून हसलो. तोही हसला. संदेश मात्र हिरमुसला, आणि बाळारामला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरला जायला वर घाटरस्त्यावर आलो, तर वळणावरून लोखंडाचा खडखडाट ऐकू आला. बघतो तर काय! बाळाराम गाडीवर, त्याच्या मांडीत संदेश, दोघंही तोंड उघडून ओरडतायत आणि गाडी उतारावरून सुसाट येतेय. ब्रेक म्हणजे बाळारामच्या पायातली चप्पल. मी रस्त्यात आडवा झालो. गाडी थांबली, आणि मी जे तोंड सोडलं! "अक्कल गहाण टाकलीस का रे? समोरून ट्रक आला असता म्हणजे? पोरगं हाडामासाचं आहे की तुझ्या खोक्याचं?" संदेश बापाच्या मागे दडला. बाळाराम मान खाली घालून ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "चुकलं गुरुजी." मग पोराला पुढं ओढून घेत, "पन दहा दिवसांचा बाप हाय ना मी. रोजचा बाप सावकाश शिकवतो. आमाला वर्साचं दहा दिसांत उरकाया लागतं." त्यानं गाडी डोक्यावर घेतली, पोराचं बोट धरलं आणि दोघं वाटेला लागले. मी पोलादपूरला कशाला निघालो होतो तेही क्षणभर आठवेना.

संदेश आईला 'अगं तू' म्हणायचा आणि बापाला 'तुमी'. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं. बाप यायच्या आदल्या दिवशी तो चार वेळा तोंड धुवायचा, आणि बाप आल्यावर पहिला दिवसभर दाराआडून बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी जवळ यायचा. तिसऱ्या दिवशी पाठीवर चढायचा. म्हणजे दहातले दोन दिवस असेच जायचे. बाळारामला ते ठाऊक होतं. पहिले दोन दिवस तो पोराला हाकही मारायचा नाही, अंगणात काहीतरी तासत बसायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा.

पुढच्या एका शिमग्याला त्यानं बॅट आणली. खोलीवर सुट्टीच्या दिवशी बसून, खोक्याच्या फळीतून कोरून, काचेच्या तुकड्यानं घासून घासून गुळगुळीत केलेली. हातात घेतली तर सोडवेना अशी. पण पोरगं मधल्या सहा महिन्यांत ताडमाड वाढलेलं. बॅट चांगली वीतभर आखूड. संदेश बोलला काही? छे! दहाच्या दहा दिवस तो कंबरेत वाकून, म्हाताऱ्यासारखा, त्या बॅटनं खेळला. बाप गोलंदाजी करायचा आणि प्रत्येक फटक्याला "वा रे!" म्हणायचा. बाप मुंबईला गेला त्या संध्याकाळी संदेशनं बॅट शेजारच्या धाकट्या पोराला देऊन टाकली.

सुलाबाईला लिहिता येत नव्हतं, तिची पत्रं मीच लिहायचो. पुढच्या पत्रात मी माझ्या पदरची एक ओळ घातली: 'बॅट एक वीत आखूड झाली, पोरगा वाकून खेळत होता, तुमच्या लक्षात आलं नाही काय?' गरज होती का? नव्हती. पण जीभ नाही तर लेखणी, माझं काहीतरी चुरचुरतंच. आठ दिवसांत उत्तर आलं. 'गुरुजींस नमस्कार. माझ्या डोळ्यासमोर गणपतीतला संदेश होता. त्याच मापानं केली. तो वाढतो हे मला माहीत आहे पण दिसत नाही. तरी दर महिन्याला त्याच्या उंचीएवढी सुतळी कापून पाकिटातून धाडावी ही विनंती.'

मी वाचून कपाळावर हात मारला. पण धाडली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संदेशला खांबाला टेकवून उभा करायचा, सुतळी कापायची, पाकिटात घालायची. हे बघून खोलीतले बाकीचे बापही मागायला लागले. होता होता सात पोरांच्या सुतळ्या झाल्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधायची. पोलादपूरचा पोस्टमास्तर मला विचारायचा, "गुरुजी, दोरखंडाचा धंदा काढलात काय?"

एका लग्नाला मुंबईला गेलो होतो तेव्हा ती खोली पाहिली. भिंतीला ओळीनं सुतळ्या टांगलेल्या. बाळाराम मला चहा आणायला निघाला, पण त्याआधी त्यानं संदेशची सुतळी काढली. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं वर ताणून धरलं आणि म्हणाला, "बरगडीच्या वर आला गुरुजी." दुसऱ्या हातानं त्यानं त्या टोकाशी, जिथं डोकं असायला हवं तिथं, हवेतच थोपटलं. माझ्या दोन मुली महाडला होत्या आणि दर शनिवारी मी त्यांच्या डोक्यांवरून नजर टाकून पेपर वाचत बसायचो.

तर आता सायकल. संदेश तिसरीत होता. बाळारामनं पत्रातून कळवलं की शिमग्याला जुनी सायकल घेऊन येतोय, संदेशला कळू देऊ नये. आता मी पडलो मास्तर. परीक्षेच्या आधी पाठ पक्के करून घ्यायचे, हे माझ्या हाडात मुरलेलं. मला वाटलं, दहा दिवसांत बिचारा बाप काय काय करणार? पोरगं आधीच तयार असलं तर तेवढेच दिवस वाचतील, आणि बापाला आश्चर्यही वाटेल. मी महाडहून माझी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आणली. शाळा सुटली की घाटरस्त्याच्या सपाट पट्टीवर संदेशला न्यायचा. नळीखालून पाय घालून तो आधी अर्धी पायडलं मारायला शिकला, मग पुरी. ढोपरं फोडून घेतली, रडला, पुन्हा बसला. महिन्याभरात सुटा झाला. ज्या दिवशी मी मागचा हात सोडला आणि तो एकटाच पुढे गेला, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. तो आनंद माझा नव्हता, एवढंच मला तेव्हा कळलं नाही.

बाळाराम आला. घाटरस्त्यावर सायकल उतरवली, मी आणि संदेश घ्यायला गेलो होतो. तिला लाल रंग दिलेला, घंटी नवी, आणि मागच्या कॅरिअरला, धरायला सोयीचा, एक लाकडी दांडा बांधलेला. लांबीही नेमकी. वाकावं लागू नये, पळता यावं, अशी. पोराला सायकल शिकवताना बापाला पळावं लागतं ना, त्यासाठी. बाळारामनं संदेशला सीटवर बसवलं, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, पाय रोवले आणि म्हणाला, "भिऊ नको. मी हाय मागं." आणि संदेशनं पायडल मारलं. एका झटक्यात दांडा बापाच्या हातातून निसटला आणि पोरगं घंटी वाजवत, ओरडत, वळणापर्यंत जाऊन परत आलं.

बाळारामचे हात तसेच पुढं राहिले होते. "कोनी शिकवलं रं?" त्यानं विचारलं. "गुरुजींनी!" संदेश धापा टाकत म्हणाला. "तुमाला कळवायचं नव्हतं!"

बाळारामनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. वाडीत आल्यावर मला म्हणाला, "बरं केलंत गुरुजी. माज्याच्यानं पडलं असतं पोर." आणि मागं गेला. बराच वेळ आला नाही म्हणून सुलाबाई बघायला गेली. ती परत आली ती थेट चुलीपुढं बसली. जेवण वाढताना एवढंच म्हणाली, "गुरुजी, त्येंनी खोलीशेजारच्या पोरांना सायकलीवर बसवून दांड्याची उंची ठरवली व्हती. चार महिने त्योच ध्यास." यादीवर त्या दिवशी रेघ मारायची राहिली. मी पुढं त्या कागदाकडे बघायचं टाळायला लागलो.

मी माफी मागितली का? नाही. कशी मागणार? 'तुझ्या पोराला सायकल शिकवली, माफ कर' असं कुणी म्हणतं का? मी मास्तर होतो, शिकवणं माझं काम. पण बाप असताना बापाचं काम मी केलं, हेही खरंच. त्यानंतर संदेश माझ्याकडे पोहायला शिकवा म्हणून आला तेव्हा मी त्याला हाकलून दिलं. तो वर्षभर माझ्यावर रुसला. आणि त्या वर्षी बापाला गणपतीत ताप भरला, पोहणं राहिलं ते राहिलंच. शेवटी तो कुठल्याशा मोठ्या पोरांबरोबर डोहात उड्या मारून आपला आपण शिकला. म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

वर्षं गेली. संदेश पोलादपूरला हायस्कुलात जाऊ लागला. मी वाडीवरच होतो. बाळारामच्या याद्या लहान होत गेल्या. पोराला मिसरूड फुटलं, त्याला मित्र झाले, शिमग्यात बाप आला की तो घटकाभर बसायचा आणि "आलोच" म्हणून सटकायचा. बाळाराम म्हणायचा, "जाऊं दे. वय हाय." पण पेन्सिल कानावर असायचीच.

मग कारखाना बंद पडला. उन्हाळ्यात बाळाराम पेटीबिटी, हत्यारं, सगळं घेऊन कायमचा घरी आला. मी त्याला एवढा खूश कधी पाहिला नव्हता. वाट उतरतानाच मला लांबून ओरडला, "गुरुजी, आता रोजचा बाप झालो!" काय काय बेत होते त्याचे! अंगणात बाकं करायची, दारं-खिडक्यांची कामं घ्यायची, संदेशला हाताशी घ्यायचं, सावकाश शिकवायचं. अंगणात मांडव घालून त्यानं कामाची जागासुद्धा केली.

आणि संदेश दहावी पास झाला. चुलत्यानं मुंबईला फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात त्याची जागा बघून ठेवली होती. पंधरवड्यात यायला हवं, नाही तर दुसरा पोरगा घेतील. सुलाबाईनं हे बाळारामला आधी कळवलंच नव्हतं. तिचं तरी काय चुकलं? घरातला एक पगार थांबलेला, दुसरा सुरू व्हायला नको? बाळाराम पोराला फक्त एवढंच म्हणाला, "गणपतीपतूर थांबशील?" संदेश खाली बघत म्हणाला, "बाबा, जागा जाईल हो." तो वाईट पोरगा नव्हता. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले.

मग बाळारामनं कामाला सुरुवात केली. "मुंबईला जायचं तर सामानाला पेटी पायजे." चार दिवस बापलेक मांडवात होते. फळ्या तासल्या, सांधे बसवले, कोपऱ्यांना पत्रा लावला. मी शाळेतून येताजाता बघायचो. फार बोलणं नव्हतं. संदेशनं करवत धरली की बाळाराम बाजूला सरून नुसता बघत बसायचा. मला हळूच म्हणाला, "हात बसलेला हाय बघा त्याचा. मी कवा शिकवलं?" त्या चार दिवसांत त्याला कसलीच घाई नव्हती. एक सांधा नीट असतानाही त्यानं उकलून पुन्हा करायला लावला.

जायच्या आदल्या दिवशी चुलत्याचा निरोप आला, खोलीत पेटी ठेवायला जागा नाही, एक बॅग तेवढी आण. संदेशनं बापाकडे बघितलं. बाळाराम म्हणाला, "बरोबर हाय. मला म्हाईत हाय ती खोली." त्यानं स्वतःच बॅग भरून दिली. पेटीत सुलाबाई आता तांदूळ ठेवते. पोलादपूरच्या स्टँडवर आम्ही तिघं पोचवायला गेलो. आजवर बाळाराम गाडीत असायचा आणि पोरगं खाली. या वेळी तो खाली उभा होता, आणि खिडकीच्या खाली नक्की कुठं उभं राहायचं, हात कुठं ठेवायचे, हे त्याला कळत नव्हतं. गाडी हलली तेव्हा तो चुकीच्या खिडकीकडे बघून हात करत होता. मी त्याला धरून वळवला, तोवर गाडी महाडच्या रस्त्याला लागली होती.

संदेश आता गणपतीला येतो. पाच दिवस. बापाला कपडे आणतो, चांगला वागतो, फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारतो. एकदा त्यानं बापाला मुंबई दाखवायला न्यायचा बेतही काढला. जो माणूस तिथं वीस वर्षं राहिला, त्याला.

माझी बदली पुढे शिवथरच्या बाजूला झाली. निवृत्त होताना वाटलं, वाडीवर एकदा जाऊन यावं. श्रावण चालू होता. बाळाराम अंगणात मांडवाखाली बसला होता, केस पांढरे, खांदे तेवढेच रुंद. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात शेजारचं सात-आठ वर्षांचं पोरगं आलं. हातात भोवरा, त्याची खालची आर पडून गेलेली. "आजोबा, एवढी आर ठोकून द्या ना." बाळारामनं भोवरा हातात घेतला, फिरवून बघितला, भोकावर बोट टेकवून बघितलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग भोवरा पोराच्या हातात परत दिला. "बाप कवा येनार तुजा?"

"गणपतीला."

"मग ऱ्हाऊं दे. त्यालाच ठोकाया सांग."

पोराचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अरे बाळाराम, काय माणूस आहेस! एक खिळा तर ठोकायचाय. गणपतीला महिना आहे, तोवर पोरगं काय करील?"

बाळाराम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "याचा बाप मुंबईला हाटेलात भांडी धुतो गुरुजी. त्याला एवढ्याबिगर दुसरं कायबी ठोकाया येत नाय. हे मी केलं तर तो आल्यावर काय करील?"

पोरगं रडवेलं होऊन पाय घासत निघालं होतं. बाळारामनं त्याला हाक मारून परत बोलावलं. डब्यातून शोधून शोधून एक सरळ, नवा खिळा काढला, गणपतीपर्यंत गंजू नये म्हणून त्याला तेलाचं बोट लावलं, कागदात गुंडाळला आणि पोराच्या खिशात घालून वरून खिसा दाबला.

"बापाला दे," तो म्हणाला. "आनि त्याला सांग, सावकाश ठोक म्हनावं."